‘पोएट्रिया नोव्हा’त काव्याचा सिद्धांत नेमका कुठे आहे?

तुमचा प्रश्न मी असा समजले: संस्कृत घेऊन एम.ए. करताय, तौलनिक काव्यशास्त्रावर निबंध लिहायचाय, म्हणून विन्सॉफच्या जेफ्रीचा ‘पोएट्रिया नोव्हा’ हा काव्यरचना शिकवणारा मध्ययुगीन लॅटिन ग्रंथ इंग्रजी भाषांतरातून वाचायला घेतलात आणि निम्म्यावर थांबलात. या ग्रंथाचं नाव मध्ययुगीन काव्यसिद्धांताच्या संदर्भात सतत घेतलं जातं, पण आत बघावं तर सुरुवात कशी करावी, वर्णन कसं लांबवावं, कुठला अलंकार कुठे वापरावा याच्या सूचनाच सूचना. आनंदवर्धन आणि अभिनवगुप्त हे संस्कृत काव्यशास्त्राचे आचार्य वाचून आलेल्या माणसाला हे फार प्राथमिक वाटतं. मग यात सिद्धांत आहे, की हे निव्वळ शाळेचं पुस्तक आहे?

मी मध्ययुगीन लॅटिन शिकवते आणि हा ग्रंथ वर्गात अनेकदा घेतला आहे. माझ्या मते ते शाळेचंच पुस्तक आहे आणि त्यात सिद्धांतही आहे, पण तुम्ही ज्या प्रश्नाचं उत्तर शोधताय तो प्रश्न जेफ्रीचा नव्हे. आनंदवर्धनाचा ‘ध्वन्यालोक’ विचारतो की काव्याचा आत्मा कशात आहे. तिथे कविता लिहून झालेली आहे आणि सहृदय, म्हणजे जाणता रसिक, ती वाचतो आहे. जेफ्रीपाशी कविता अजून लिहायची आहे. विषय ठरला आहे, कागद कोरा आहे, आणि कवीला एकामागून एक निर्णय घ्यायचे आहेत. त्या निर्णयांमागचा विचार हाच त्याचा सिद्धांत. तो व्याख्या करून सांगत नाही, स्वतः करून दाखवतो. म्हणून व्याख्या शोधत वाचलं की हाती काही लागत नाही.

तुमच्या निबंधाला हा ग्रंथ उपयोगी पडेल का, हे मात्र निबंध कशावर आहे त्यावर अवलंबून आहे. ‘काव्य म्हणजे काय’ असा विषय असेल तर मध्ययुगातली दुसरी दारं ठोठवावी लागतील, त्यांबद्दल शेवटाकडे लिहिते. ‘कवी कसा घडवला जातो’ असा असेल, तर यापेक्षा चांगला ग्रंथ त्या काळात नाही.

आधी काळ आणि जागा. ग्रंथ पोप इनोसंट तिसरा याला अर्पण केलेला आहे. तो ११९८ ते १२१६ पोप होता. आत ११९९ साली मेलेल्या इंग्लंडच्या राजा रिचर्डवरचा विलाप आहे. म्हणजे रचना या मधल्या वर्षांतली. सुमारे २,१०० ओळी, सगळ्या षट्पदी छंदात (हेक्झामीटरमध्ये), रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्याच्या छंदात. त्या काळी शाळांत काव्याचं जुनं पुस्तक होतं ते रोमन कवी होरेसचं ‘आर्स पोएटिका’. होरेस फार सुंदर सल्ले देतो: विसंगत अवयव जोडू नका, लिहिलेलं नऊ वर्षं घरात ठेवा. पण पुढ्यात बसलेल्या मुलाला आज सकाळी वीस ओळी लिहायच्या असतील तर त्यानं काय करायचं, ते होरेस सांगत नाही. ती जागा भरायला हा ‘नवा’ ग्रंथ आला. त्याची दोनशेहून अधिक हस्तलिखितं आज उपलब्ध आहेत आणि पंधराव्या शतकापर्यंत इटलीत आणि मध्य युरोपात त्यावर भाष्यं लिहिली जात होती. शिक्षकांना ते हवं होतं, यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

आणखी एक गोष्ट संस्कृतच्या विद्यार्थ्याला चटकन कळेल. १२०० साली लॅटिन कुणाचीच मायबोली नव्हती. इंग्लंडमधला, फ्रान्समधला, जर्मनीतला मुलगा ती शाळेत शिकायचा, व्याकरणातून आणि ओव्हिड-व्हर्जिलच्या पाठांतरातून. शिकलेल्या भाषेत कविता लिहिताना अडचण भावनेची नसते, वाक्याची असते. मनात आलेलं एकाच साच्यात बाहेर पडतं. दुसरा साचा सुचत नाही. जेफ्रीच्या पुस्तकातला बराचसा भाग, विशेषतः नामाचं क्रियापद कर, क्रियापदाचं विशेषण कर, कर्ता फिरव असा जो भाग तुम्हाला रटाळ वाटला असेल, तो या अडचणीवरचा इलाज आहे. एकच आशय दहा तऱ्हांनी लिहिल्याशिवाय अकरावी, स्वतःची तऱ्हा सापडत नाही. संस्कृतात श्लोक रचायचा प्रयत्न केला असेल तर हे तुम्हाला अनुभवानंच माहीत असेल.

म्हणून माझी पहिली सूचना: जेफ्रीला आनंदवर्धनासमोर उभं करू नका. त्याला क्षेमेंद्राच्या ‘कविकण्ठाभरणा’शेजारी ठेवा. अकराव्या शतकातल्या काश्मीरमध्ये क्षेमेंद्र जे करतो, तेच काम दीडेकशे वर्षांनी जेफ्री करतो आहे. कोणत्या शिष्याला थोड्या प्रयत्नात शिकवता येईल, कोणाला कष्टानं, आणि कोण असाध्य, हे क्षेमेंद्र स्पष्ट लिहितो. छंद जिभेवर बसावा म्हणून आधी अर्थहीन शब्दांनी श्लोक भरायला लावतो. या दोघांचा एकमेकांशी संबंध आल्याचा काही पुरावा नाही, आणि तसं सुचवूही नका. पण दोघांचा धंदा एकच आहे: कविशिक्षा, म्हणजे कवी घडवणं. तुलना करायची तर एका धंद्यातल्या दोघांची करावी.

आता ग्रंथात शिरू. पहिल्याच ओळी बघा, कारण भाषांतरात त्यांची सगळी गंमत हरवते. ‘पापा स्तुपोर मुन्दी’, म्हणजे ‘जगाला थक्क करणाऱ्या पोपा’, अशी सुरुवात करून जेफ्री लगेच अडचणीत पडतो. इनोसंट हे नाव लॅटिन षट्पदीत बसतच नाही, कारण त्यात दोन गुरूंच्या मधे एक एकटा लघु अडकतो आणि त्या छंदाला ते चालत नाही. जेफ्री अडचण लपवत नाही, तिच्यावरच कविता सुरू करतो. नुसतं ‘नोसेंटी’ म्हणावं तर नावाचं डोकं उडतं (आणि उरलेल्या शब्दाचा अर्थ ‘अपराधी’ असा होतो). डोकं जोडावं तर नाव छंदाचं वैरी होतं. मग तो म्हणतो: तुझं नाव छंदाच्या मापात मावत नाही, तसे तुझे गुणही कुठल्या मापात मावत नाहीत. पण नाव तोडून ‘इन’ वेगळं आणि ‘नोसेंटी’ वेगळं ठेवलं तर ते छंदाशी मैत्री करतं. तसेच तुझे गुण तोडून पाहिले तर त्यांची तुलना होऊ शकते: कुलीनतेत बार्थोलोम्यूशी, हृदयाच्या मृदुतेत अँड्र्यूशी, तारुण्यात जॉनशी, श्रद्धेत पीटरशी, ज्ञानात पॉलशी. ही सगळी ख्रिस्ताच्या प्रेषितांची नावं.

इथे काय घडलं? छंदानं एक शब्द नाकारला. त्या नकारातून एक कल्पना निघाली आणि त्या कल्पनेतून पुढच्या ओळींची सगळी रचना. नियम हे कल्पनेचं इंधन आहे, हा विचार त्यानं एकही सैद्धांतिक वाक्य न लिहिता मांडला. मी वर्गात या ओळींवर पुष्कळ वेळ घालवते, कारण ही किल्ली हाती आली की पुढचं पुस्तक आपोआप उघडायला लागतं.

त्यानंतर थोड्याच ओळींनी येतो घराचा दृष्टांत. ज्याला घर बांधायचंय त्याचा हात घाईनं कामाला धावत नाही. आधी अंतःकरणातली दोरी काम मोजते. आतला माणूस ठरलेल्या क्रमानं पायऱ्या आखतो, आणि मनाचा हात शरीराच्या हाताआधी सगळं घर उभं करतो. घर आधी आदिरूपात असतं, मग इंद्रियांना दिसणाऱ्या रूपात. काव्यानं स्वतःकडे या आरशात बघावं, असं तो म्हणतो. यातला ‘आदिरूप’ हा शब्द प्लेटोच्या परंपरेतला आहे आणि बाराव्या शतकातल्या विद्वानांना तो विश्वनिर्मितीच्या चर्चेतून चांगला ओळखीचा होता. ईश्वराच्या मनात विश्वाचा नमुना आधी असतो, तसा कवीच्या मनात काव्याचा. जेफ्री हे दोन-तीन शब्दांत सांगून पुढे जातो, पण निबंधासाठी इथे भरपूर जागा आहे. दोनशे वर्षं उलटत आली तेव्हा इंग्रजी कवी चॉसरनं ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’मध्ये या ओळी जवळजवळ तशाच उचलल्या. तिथे त्या पँडारसला लागू होतात, आणि तो प्रेमप्रकरण जुळवण्याचा बेत आखतो आहे. शिकवलेलं वाक्य किती दूरवर जाऊन नव्या कामाला लागतं, ते बघण्यासारखं आहे.

घराचा नकाशा तयार झाला की पहिला निर्णय येतो: दार कुठे? म्हणजे सुरुवात कुठून? घडलं त्या क्रमानं सांगणं हा नैसर्गिक मार्ग. त्याशिवाय जेफ्री आठ कृत्रिम मार्ग देतो: शेवटापासून, मध्यापासून, आणि मग सुभाषितापासून किंवा दृष्टांतापासून, जे कथेच्या आरंभाशी, मध्याशी किंवा शेवटाशी जुळेल असं निवडता येतं. उदाहरणाला तो मिनोसची कथा घेतो. क्रीटचा राजा मिनोस, अथेन्समध्ये मत्सरापोटी मारला गेलेला त्याचा मुलगा अँड्रोजियस, सूडाचं युद्ध, आणि शत्रूपक्षाच्या नायसस राजाची मुलगी स्किला. ती मिनोसच्या प्रेमात पडून बापाचा, म्हणजेच राज्याचा घात करते आणि शेवटी मिनोसही तिला झिडकारतो. एकच कथा तो नऊ प्रकारे सुरू करून दाखवतो. शेवटाशी जुळणारं सुभाषित निवडताना म्हणतो की कपट कपट्यावरच उलटावं हा न्याय्य नियम आहे. अशी सुरुवात झाली की कथा मिनोसची उरत नाही, स्किलाची होते.

आठ हा आकडा शाळकरी वाटतो, हे मान्य. पण माझ्या विद्यार्थ्यांना मी हा भाग वाचायला देण्याआधी करायला लावते. मराठी मुलांना हिरकणीची कथा सगळ्यांनाच माहीत असते, म्हणून ती घेते. घडलं त्या क्रमानं सांगितलं तर गडाचा दरवाजा बंद होतो इथून ताण सुरू होतो. बुरुजापासून सुरुवात केली तर ती वाचली हे पहिल्या ओळीतच कळतं. मग उत्सुकता तिच्या जिवाची राहत नाही. एका गवळणीचं नाव राजाच्या बुरुजाला का, हा प्रश्न मोठा होतो. कड्याच्या मधोमध, अंधारात सुरुवात केली तर तान्ह्या बाळाची आठवण नंतर आणावी लागते आणि ती कारण म्हणून येते. आईच्या मायेवरच्या सुभाषितानं सुरुवात केली तर सगळी कथा त्या विधानाचा पुरावा बनते, आणि पुरावा म्हटला की वाचक तो तपासायला बसतो. मुलं हे लिहून बघतात तेव्हा त्यांना आपोआप कळतं की क्रम बदलला की कथेचा प्रश्नच बदलतो. जेफ्रीला अभिप्रेत असलेला सिद्धांत हा आहे. त्याचं वाक्य ‘कृत्रिम क्रम अधिक श्रेष्ठ’ एवढंच दिसतं, पण त्याची कारणं उदाहरणांत पसरलेली आहेत.

दुसरा निर्णय लांबीचा. विस्ताराचे आठ मार्ग आणि संक्षेपाचे सात. विस्ताराच्या मार्गांत एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगणं, आडवळणानं सांगणं, तुलना, संबोधन, निर्जीवाला बोलतं करणं, विषयांतर, वर्णन आणि विरोध असे प्रकार येतात. निर्जीवाला बोलतं करताना तो येशूचा क्रूस बोलका करतो. जेरुसलेम ११८७ साली सलाउद्दीननं जिंकलं होतं, आणि क्रूस ख्रिस्ती लोकांना आपल्या सुटकेसाठी हाक मारतो. त्याच भागात जुनं, झिजलेलं मेजपोसही बोलतं आणि आपल्या तरुणपणीच्या मेजवान्या आठवतं. वाचकानं दोन्ही शेजारी बघावीत. साधन तेच, पण विषयाच्या वजनाप्रमाणे स्वर पार बदलतो.

संबोधनाच्या भागात रिचर्डचा तो प्रसिद्ध विलाप येतो. कवी आधी नॉर्मंडीला हाक मारतो, मग रिचर्डला बाण लागला त्या शुक्रवाराला, मग मारणाऱ्या सैनिकाला, मृत्यूला, निसर्गाला, आणि शेवटी देवाला. लॅटिनमध्ये शुक्रवार हा व्हीनसचा दिवस, आणि जेफ्री ‘व्हेनुस’शेजारी ‘व्हेनेनुम’, म्हणजे विष, आणून ठेवतो. हा उतारा सुटा होऊन खूप फिरला. चॉसरनं ‘नन्स प्रीस्ट्स टेल’मध्ये कोल्हा कोंबडा पळवतो त्या प्रसंगी, तोही शुक्रवारी, ‘प्रिय गुरुवर्य गॉफ्रेड’ असं म्हणून याची थट्टा केली आहे. काही टीकाकार हे जेफ्रीच्या निरर्थकतेचं प्रमाणपत्र म्हणून दाखवतात. मला ते पटत नाही. थट्टा तेव्हाच जमते जेव्हा ऐकणाऱ्याला मूळ तोंडपाठ असतं, आणि घराच्या दृष्टांताच्या वेळी हाच चॉसर अगदी गंभीरपणे त्याच्याकडून घेतो.

संक्षेपाचं उदाहरण मात्र मला संपूर्ण ग्रंथात सगळ्यात आवडतं. कथा अशी: व्यापारी दूर देशी जातो, परत येतो तर बायकोला मूल. ती म्हणते, मी बर्फ खाल्लं त्यातून हे झालं. तो गप्प राहतो. मुलगा मोठा झाल्यावर त्याला सोबत नेतो, विकून टाकतो आणि परत येऊन सांगतो, उन्हात वितळला. जेफ्री हे दोन ओळींत बसवतो: ‘दे निवे कोन्चेप्तुम क्वेम मातेर आदुल्तेरा फिंजित, स्पोन्सुस एउम वेन्देन्स लिक्वेफाक्तुम सोले रेफिंजित.’ व्यभिचारिणी आई ज्याला बर्फातून झालेला म्हणून रचते, त्याला नवरा विकतो आणि उन्हात वितळलेला म्हणून उलट रचतो. पहिली ओळ ‘रचते’वर संपते, दुसरी ‘उलट रचतो’वर. वर्षं, प्रवास, संशय, सूड यांपैकी काहीच सांगितलेलं नाही, आणि काहीच सुटलेलं नाही. यमकच न्यायनिवाडा करतं. संक्षेप म्हणजे गोष्टी गाळणं असं समजणाऱ्याला मी या दोन ओळी पाठ करायला सांगते.

आता तुम्ही जिथे थांबलात तो भाग, अलंकारांचा. तो मोठा आहे, जवळपास निम्मा ग्रंथ. दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर त्यातून वाट निघते.

पहिली: शब्दालंकारांची जी ‘जंत्री’ तुम्हाला दिसली ती खरं तर सलग कविता आहे. मानवाचं पाप आणि ख्रिस्तानं केलेली सुटका हा विषय घेऊन जेफ्री ओळीमागून ओळ लिहीत जातो, आणि प्रत्येक टप्प्यावर एक अलंकार वापरतो, सिसेरोच्या नावानं चालणाऱ्या ‘रेटोरिका आद हेरेन्नियुम’मधल्या क्रमानं. अलंकारांची नावं तो कवितेत घेत नाही. ती ओळखायचं काम विद्यार्थ्याचं, आणि म्हणूनच हस्तलिखितांच्या समासात ती नावं लिहिलेली सापडतात. तुम्हाला भट्टीचं ‘रावणवध’ आठवायला हरकत नाही: तिथे दहाव्या सर्गात रामकथा पुढे सरकत असताना अलंकार एकामागून एक येत राहतात. समासातल्या नावांवर बोट ठेवून वाचलंत तर यादी दिसेल. नावं झाकून वाचा, कविता दिसेल.

दुसरी गोष्ट रूपकाबद्दलची, आणि तुमच्या निबंधाचा गाभा बहुधा इथेच आहे. जेफ्री म्हणतो, शब्दाला नेहमी त्याच्या स्वतःच्या जागी बसू देऊ नकोस. त्याला प्रवासाला पाठव, परक्याच्या भूमीत त्यानं छान बस्तान बसवावं, नवा पाहुणा व्हावं आणि आपल्या नवेपणानं आवडावं. या औषधानं शब्दाचा चेहरा पुन्हा तरुण होतो. मग तो दोन दिशा दाखवतो. वस्तूकडून माणसाकडे: बर्फासारखे दात, मधासारखी चव, सोन्याचे केस. आणि माणसाकडून वस्तूकडे: वसंत फुलांनी जमीन रंगवतो, गारा जमिनीला चाबकानं झोडपतात. दुसरी दिशा त्याला अधिक मोलाची वाटते, आणि तिचं कारण त्यानं दिलं आहे: असं रूपक तुझा आरसा होतं, कारण तू त्यात स्वतःला बघतोस, आणि परक्याच्या रानात तुला तुझी स्वतःची मेंढरं ओळखू येतात.

हे वाक्य सिद्धांत नाही तर काय? रूपकाचा आनंद नुसत्या साम्यातून येत नाही, ओळख पटण्यातून येतो, असं ते सांगतं. आता याच्याशेजारी संस्कृत काव्यशास्त्रकार दंडी ठेवा. ‘काव्यादर्शा’च्या पहिल्या परिच्छेदात तो समाधी हा गुण सांगतो: एकाचा धर्म दुसऱ्यावर, लोकव्यवहाराची मर्यादा सांभाळून, नीट ठेवणं. कुमुदं डोळे मिटतात, कमळं डोळे उघडतात. डोळ्यांची क्रिया फुलांवर ठेवली. आणि दंडी या गुणाला ‘काव्यसर्वस्व’ म्हणतो. जेफ्रीनं माणसाची क्रिया निसर्गावर ठेवली आणि त्याला आरसा म्हटलं. दोघंही क्रियापदाच्या स्थलांतराबद्दल बोलताहेत, दोघंही त्याला सगळ्यात वर ठेवताहेत. फरकही नेमका आहे. दंडीचं लक्ष मर्यादेकडे आहे, की लोकांना पटेल इतपतच ठेवा. जेफ्रीचं लक्ष वाचकाच्या ओळखीकडे आहे. मर्यादेचं भान त्यालाही आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी येतं: शब्द मनाच्या किल्ल्या आहेत, त्यांनी बंद अर्थ उघडावा, त्यावर ढग आणू नये, असं तो बजावतो. आणि शब्दांचा निवाडा मन, कान आणि रूढी अशा तीन न्यायाधीशांकडे सोपवतो. या दोन उताऱ्यांवर तुमचा पूर्ण निबंध उभा राहू शकेल.

प्रतिभेबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाहीत, पण तुलना करताना तो प्रश्न येणारच. ‘काव्यप्रकाश’कार मम्मट काव्याचा हेतू, म्हणजे कारण, सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही त्रयी देतो, आणि शक्ती म्हणजे प्रतिभा पहिली. जेफ्रीचीही त्रयी आहे: तीन गोष्टी काम पूर्णत्वाला नेतात – जिच्या नियमानं चालायचं ती कला, जो जपायचा तो सराव, आणि ज्यांचं अनुकरण करायचं ते श्रेष्ठ कवी. यात प्रतिभा नाही. ही त्रयी त्यानं त्याच ‘रेटोरिका’तून घेतली आहे, त्यामुळे तेवढ्यावरून त्याला प्रतिभा अमान्य होती असं लिहू नका. मनाच्या हातानं घर आधी बांधायचं असं सांगणारा माणूस प्रतिभा नाकारत नाही. तो जे शिकवता येतं तेवढ्याचीच गणती करतो. वर्गात उभं राहणाऱ्याला ही शिस्त पाळावी लागते, आणि मला ती त्याच्या प्रामाणिकपणाची खूण वाटते.

जेफ्रीचं डोक्यापासून पायापर्यंतचं स्त्रीवर्णन तुम्हाला खटकलं असेल, तर ती नाराजी रास्त आहे. सोनेरी केस, लिलीसारखं कपाळ, पुढे सगळं ठरलेलं. पण तिथून लगेच पुढे वाचा. रूपाचं वर्णन ही जुनी, झिजलेली गोष्ट झाली आहे असं तो स्वतःच म्हणतो आणि कमी वापरात असलेल्या विषयाकडे, राजाच्या मेजवानीकडे वळतो. साचा शिकवायचा आणि तो झिजल्याचंही सांगायचं, ही दोन्ही कामं तो एका दमात करतो. क्रमाची बांधिलकी आपल्याकडेही होतीच. देवतेचं वर्णन पायापासून आणि मानवाचं केसांपासून हा संकेत ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या वर्णनात दिसतो. कालिदासाच्या हातात तो साचा वाटत नाही, एवढाच फरक.

जेफ्री एकटा नव्हता, तेव्हा इतरांची नावं माहीत असू द्या. वाँदोमचा मॅथ्यू त्याच्या आधीचा, ११७५ च्या सुमाराचा. त्याचा ग्रंथ गद्यात, मधे पद्य उदाहरणं, आणि लक्ष वर्णनावर. गार्लंडचा जॉन नंतरचा, जन्मानं इंग्रज, पॅरिसमध्ये शिकवणारा. त्याच्याकडे ‘व्हर्जिलचं चक्र’ आहे: तीन शैली, तीन काव्यं, आणि प्रत्येकीची ठरलेली माणसं, जनावरं, अवजारं, झाडं. मेंढपाळ, मेंढरू, काठी आणि बीचचं झाड एका खणात, शेतकरी, बैल, नांगर आणि फळझाड दुसऱ्यात, योद्धा, घोडा, तलवार आणि लॉरेल तिसऱ्यात. संस्कृतातल्या औचित्यविचाराशी, म्हणजे काव्यात काय कुठे शोभतं या विचाराशी, तुलना करायची असेल तर हे चक्र उपयोगाचं आहे, कारण प्राचीनांनी शैलीचं नातं बोलण्याच्या ढंगाशी जोडलं होतं आणि इथे ते माणसाच्या सामाजिक पायरीशी जोडलं गेलं आहे.

आणि ‘काव्य म्हणजे काय’ हाच तुमचा प्रश्न असेल, तर ही दारं. शाळेत कुठलाही कवी शिकवण्याआधी एक छोटी प्रस्तावना असायची: कवीचा हेतू काय, उपयोग काय, आणि हे काव्य तत्त्वज्ञानाच्या कुठल्या शाखेत येतं. उत्तर बहुतेक वेळा एकच – नीतिशास्त्रात. दुसरं दार अरबीतून उघडतं. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रावर इब्न रुश्द या तत्त्वज्ञानं अरबीत लिहिलेलं भाष्य हर्मन या जर्मन विद्वानानं १२५६ साली तोलेदोत लॅटिनमध्ये आणलं. त्यात सगळं काव्य म्हणजे स्तुती किंवा निंदा असं मांडलं आहे. १२७८ साली मोर्बेकेच्या विल्यमनं थेट ग्रीकवरून भाषांतर केलं, पण लोक वाचत राहिले ते हर्मनचंच. तिसरं दार इटालियन कवी दान्तेचं. चौदाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यानं लॅटिनमध्ये लोकभाषेच्या काव्यावर लिहिलं, आणि दुसऱ्या भागात काव्याची व्याख्या केली: अलंकारशास्त्र आणि संगीत यांनी घडवलेली कल्पित रचना.

वाचायचा क्रम माझ्या अनुभवानुसार असा ठेवा. आधी अर्पणाच्या ओळी आणि घराचा दृष्टांत. मग मिनोसची कथा, पण त्याआधी तुमची एखादी कथा चार तऱ्हांनी सुरू करून. मग थेट बर्फाच्या मुलाच्या दोन ओळी. तिथून स्थलांतरित शब्दांच्या भागावर या, दंडी शेजारी उघडा ठेवून. नामाचं क्रियापद करण्याचा भाग शेवटी घ्या आणि तो संस्कृतात करून बघा, इंग्रजीत नको, कारण विभक्ती असलेल्या भाषेतच त्याचा उपयोग कळतो. लॅटिन येत नसलं तरी फाराल या संपादकानं १९२४ साली छापलेली मूळ संहिता भाषांतराशेजारी असू द्या. ओळींचे शेवट जुळवून बघितले तरी ‘फिंजित’ आणि ‘रेफिंजित’ समोरासमोर उभे दिसतात, आणि भाषांतरकारानं तिथे काय केलं आहे तेही.